तुम्ही विचारलंत म्हणून : नाणं आधी उलटं करा

‘नाव झिजलंय, चेहरे सगळे सारखेच, मग हे नाणं कुणाचं, ते कळतं कसं?’ चौथ्या शतकातली रोमन ब्राँझची नाणी दाखवली की हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे : चेहरा राहू द्या, नाणं उलटं करा.

चेहऱ्यापासून सुरुवात केली की माणूस अडकतोच. सम्राट कॉन्स्टन्टाइन आणि त्याचे तीन मुलगे, कॉन्स्टन्टाइन दुसरा, कॉन्स्टन्टियस दुसरा आणि कॉन्स्टन्स. चौघांच्या नावाची सुरुवात एकच. चेहऱ्याभोवती कोरलेला अर्धा लेख उडाला असेल तर उरलेल्या ‘कॉन्स्टन’वरून काय ठरवणार?

मागची बाजू काळ सांगते. दोन सैनिक समोरासमोर, मध्ये लष्करी ध्वज, भोवती ‘ग्लोरिया एक्झर्सिटस’, म्हणजे सैन्याचा गौरव. इथे ध्वज मोजायचे. दोन असतील तर नाणं ३३० ते ३३५ च्या सुमाराचं, एकच असेल तर त्यानंतरचं, साधारण ३४१ पर्यंतचं. वजन घटवलं तेव्हा छापातला एक ध्वजही गेला. नाणं हलकं केल्याची कबुली त्या छापातच राहून गेलीय, आणि मला हा प्रकार फार आवडतो.

३४८ पासून ‘फेल टेम्प रेपॅरेशियो’ येतं : सुखाचे दिवस परत आले. त्यातलं नेहमी हाती लागणारं चित्र म्हणजे घोडा कोसळलाय, स्वार मागे वळून हात वर करतोय आणि सैनिक त्याच्यावर भाला रोखून उभा. लेख पुसला तरी हे ओळखू येतं. आता खुशाल चेहरा बघा. कपाळावर मोत्यांची पट्टी असेल तर बहुधा कॉन्स्टन्टियस दुसरा. डोकं उघडं असेल तर तो सम्राटाच्या हाताखालचा सीझर, बहुतेक गॅलस किंवा ज्युलियन.

मग चित्राखालच्या रेघेकडे या. दिव्याचा उजेड तिरपा पाडा. ‘एसएमएएनटी’ अशी अक्षरं दिसली तर टांकसाळ अँटिओकची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या जुन्या शहराची. पुढे एखादं ग्रीक अक्षर उरलं असेल तर त्या टांकसाळीतला विभागसुद्धा कळतो. करंगळीच्या नखाएवढ्या तुकड्यावर एवढी माहिती!

तमिळनाडूत करूर-मदुराईकडे आणि श्रीलंकेत अशी नाणी बरीच सापडली आहेत. श्रीलंकेत तर त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. हाताळून इतकी गुळगुळीत झालेली असतात की अक्षरांचा पत्ताच नसतो. पंखवाली विजयदेवता कैद्याला ओढत नेतेय, एवढी बाह्यरेषा दिसली तरी पुरे : ‘सालुस रेइपब्लिके’, म्हणजे राज्याचं कल्याण, ३८८ च्या सुमारास सुरू झालेला छाप. अशा नाण्यावर सम्राट थिओडोसियसचं नाव बिनधास्त लावून मोकळे होणारे भेटतात. पण व्हॅलेंटिनियन दुसरा, आर्केडियस आणि होनोरियस यांच्या नावानेही हाच छाप पडला आहे. नाणं ठेवायच्या पाकिटावर मी ‘सालुस, ३८८ नंतर’ एवढंच लिहितो.