गव्हाणीतला चाकाचा नंदी

कॅथलिक शाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स येते. ती १८७० सालची, फ्रान्समधून आलेल्या मिशनऱ्यांची. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या मिशन शाळेची वंशावळ वेगळी. १९६२ साली चांद्याला (म्हणजे आताच्या चंद्रपूरला) सिरो-मलबार या केरळी कॅथलिक पंथाचं धर्मक्षेत्र झालं, ते केरळच्या सीएमआय या धर्मगुरूंच्या संघाकडे सोपवलं गेलं आणि नारळाच्या मुलखातले फादर आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, मुलखात आले. वर्धेचं मे महिन्यातलं ऊन त्यांना कसं सोसलं असेल, हे शाळेत असताना मनातही आलं नाही.

पुस्तकी मराठी ते कुठून आणणार? त्यांची शिकवणी झाली होस्टेलच्या स्वयंपाकीणबाई, ट्रॅक्टरवाला आणि आम्हा पोट्ट्यांकडे. त्यामुळे प्रार्थनेच्या रांगेत मल्याळी हेलात आवाज घुमायचा, "कायले गोंधळ करून राह्यले बे?" मराठीच्या मॅडम पुण्याकडच्या. त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

ख्रिस्ती पोरं बोटावर मोजण्याएवढी. बाकी हिंदू, बौद्ध, दोन-तीन मुसलमान. पण स्वर्गातल्या बापाची प्रार्थना सगळ्यांना तोंडपाठ.

डिसेंबरात कापसाची वेचणी जोरात, वर्ग निम्मा रिकामा. गव्हाणीचा देखावा करायला मात्र सगळे हजर. गोठा मागच्या सालच्या पऱ्हाट्यांचा, खाली कुटार (भुसा), वर बर्फ म्हणून घरचाच कापूस. (बेथलेहेमला बर्फ पडतो का, हे सिस्टरना विचारायची कोणाची छाती नव्हती.) मरिया, योसेफ, बाळ येशू पेटीतून निघायचे. एका वर्षी बैल निघाला तो मान तुटलेला. मग सातवीतल्या एकाने तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचा, आपला लाकडी नंदी आणला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पायांना चाकं. योसेफापेक्षा वीतभर उंच! सिस्टर म्हणाल्या, निदान चाकं तरी कुटारात लपवा. फादर म्हणाले, "राहू द्या ना. पोट्टा ओढत आणून राह्यला, चाकं तर दिसतीलच."

नाताळच्या दिवशी तो पोट्टा गव्हाणीशेजारीच उभा. देखावा बघायला येणाऱ्या प्रत्येकापुढे हात, "नंदीचा बोजारा द्या!" (तान्ह्या पोळ्याला नंदी घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांना मिळते ती भेट म्हणजे बोजारा.) पहिलं नाणं फादरांनीच टाकलं. सिस्टरना कळेपर्यंत खिसा चांगला जड झाला होता. अर्धे पैसे त्यांनी दानपेटीत टाकायला लावले. उरलेल्याचे आम्ही बस स्टँडवर आलूबोंडे खाल्ले.