गुरुवारची शाळा

मागच्या रविवारी शाळेत पालकसभा होती. पोरगी नववीला आहे म्हणून जायचं होतंच, पण मी स्वतः त्याच शाळेतून दहावी झालोय आणि आता पालक-शिक्षक संघातपण आहे, त्यामुळे दोन तास आधीच जाऊन बसलो. शाळा आमची साधीच, पाचवी ते दहावी, पाबळपासून गाडीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. आजूबाजूला कांदा-बटाटा, दूध, आणि शिक्षण झालं की पोरं चाकणला कंपनीत. मीपण तिथेच आहे, मेंटेनन्सला.

सभेत हेडसरांनी निकाल सांगितला, एनएमएमएसला (आठवीची शिष्यवृत्तीची परीक्षा) बसलेल्या मुलांचं कौतुक झालं, टाळ्या झाल्या, सगळं चांगलंच. पण मला लिहायचंय ते गुरुवारबद्दल.

आमच्या शाळेत गुरुवारी आठवी आणि नववीच्या पोरांकडे दप्तर नसतं, त्या दिवशी आयबीटी असतं, म्हणजे इंट्रोडक्शन टु बेसिक टेक्नॉलॉजी, हाताने कामं करून शिकायचा विषय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉ. श्रीनाथ कलबाग म्हणून शास्त्रज्ञ होते, अमेरिकेत इलिनॉयला पीएचडी केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या रिसर्च विभागात मोठ्या पदावर, ते सगळं सोडून १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तेव्हाचं पाबळ म्हणजे पाण्याची बोंब असलेलं दुष्काळी गाव. त्यांचं म्हणणं असं की पोरगं हाताने काम करतं तेव्हा डोकंपण चालतं, आणि शाळेनं गावाचं काम करावं म्हणजे गावाला शाळा आपली वाटते. त्यातूनच हा विषय उभा राहिला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस, चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. सरकारी कागदावर आता त्याला मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स म्हणतात पण पोरं आयबीटीच म्हणतात. शिकवायला गावातलेच लोक, वेल्डिंगवाला, वायरमन, पशुवैद्यकाच्या हाताखाली काम केलेला माणूस. कलबाग सर २००३ मध्ये गेले, मला त्यांना भेटता आलं नाही याची हळहळ वाटते.

आमच्या वेळी शाळेत हे नव्हतं. मला पायथागोरसचं प्रमेय पाठ होतं, म्हणजे अगदी सिद्धतेसकट, पण ते कशाला लागतं हे आयटीआयला गेल्यावर कळलं, तेही एका गवंड्याकडून. परवा सायकल शेडची लाइनआउट, म्हणजे जमिनीवर पायाची आखणी, चालू होती तेव्हा आठवीची पोरं दोरी घेऊन एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मापून खुणा करत होती आणि तिरकं माप बरोबर ५ येतंय का बघत होती, नाही आलं की खुंटी सरकवायची, परत मापायचं. आलं की काटकोन पक्का. एक पोरगं मला म्हणालं, काका ६-८-१० घेतलं तर चूक अजून कमी होते. हे पोरगं वर्गात शेवटच्या बाकावर बसतं, गणिताच्या पेपरात त्याला काय मार्क पडतात ते मला माहितीये, त्याच्या वडिलांचा आणि माझा रोजचा संबंध आहे. पण त्याला माप लांब घेतलं की चूक का कमी होते हे कळलंय, आणि मला वाटतं गणित म्हणजे हेच.

दुसरी गोष्ट माझ्या घरातली. गृह-आरोग्यच्या तासाला मुलींना हिमोग्लोबिन तपासायला शिकवतात, साहली नावाच्या पद्धतीने, काचेच्या नळीत रक्ताचा रंग जुळवून बघायचा. मुलींनी आधी एकमेकींचं केलं, मग बाईंनी सांगितलं की आईला घेऊन या. माझी बायको नको नको म्हणत गेली आणि तिचं ९ च्या खाली निघालं. बाईमाणसाला किमान १२ तरी लागतं. वर्षभर ती दमते, चक्कर येते म्हणत होती आणि आम्ही सगळे उन्हाचं असेल म्हणून सोडून देत होतो, मीपण, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन परत तपासलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि पोरगी आता रोज रात्री तिच्यासमोर उभी राहून गोळी घ्यायला लावते, गोळीवर लगेच चहा प्यायचा नाही म्हणून दटावते. शाळेची प्रगती कशी मोजायची हे मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन.

बाकी छोटी कामं तर खूप झालीत. ग्रामपंचायतीच्या नळाखाली शोषखड्डा, अंगणवाडीची लाइट फिटिंग, दूध डेअरीचं मोडकं गेट, लोकांच्या गाई-म्हशींचं टेपने माप घेऊन वजनाचा अंदाज काढून देणं. सामानाचे पैसे आणि थोडी मजुरी लोक देतात, त्यातनं पुढचं सामान येतं. हिशोबाची वही पोरंच लिहितात.

आता पुढचं, म्हणजे सभेत जे प्लॅन सांगितले ते. सहावी ते आठवीसाठी वर्षात १० दिवस बिनदप्तराचे, हे नवीन शैक्षणिक धोरणात २०२० पासूनच आहे, आमच्याकडे यंदा नीट करायचं ठरलंय. कुंभार, सुतार, पोस्ट, दूध संकलन केंद्र, जिथं फॅट कसा काढतात ते पोरांना बघता येईल. माझी सूचना होती की सहलीसारखं नुसतं बघून यायचं नाही, प्रत्येक ठिकाणी एक तरी काम हातानं करून यायचं, आणि ती मान्य झाली. दुसरं, अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली शाळेतली प्रयोगाची खोली, परत अर्ज करायचा. मंजूर झाली तर पाच वर्षांत मिळून २० लाखांपर्यंत निधी मिळतो, थ्रीडी प्रिंटर वगैरे येतो. येईल तेव्हा येईल, पण तोवर नववीच्या पोरांनी आर्डुइनो बोर्ड (प्रोग्राम टाकून चालवायचं छोटं सर्किट) आणून मातीतला ओलावा मोजायचा सेन्सर लावायला घेतलाय, शाळेच्या परसबागेत ठिबकचा व्हॉल्व्ह त्याच्यावर चालवायचा विचार आहे. पाबळला तर २००२ सालीच अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर वस्तू बनवायची कार्यशाळा) सुरू झाली, म्हणजे जगातल्या अगदी पहिल्या काही लॅबपैकी एक आमच्या शेजारच्या गावात आहे आणि आमची पोरं ती बघायला पहिल्यांदा गेली ती मागच्या वर्षी. हे आधी व्हायला पाहिजे होतं.

तिसरं मला सगळ्यात आवडलेलं, सोलर ड्रायर. भाव पडला की इकडे टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओततात, कांद्याचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. पोरांनी कांदा वाळवायचा, आधीचं वजन, नंतरचं वजन, किती पाणी गेलं, किलोमागे किती खर्च आला, पॅकिंगचे किती, हे सगळं मांडायचं. फायदा झाला नाही तर तेही वहीत लिहायचं, असं बाई म्हणाल्या आणि मला ते फार पटलं.

पण एका मुद्द्यावर सभेत वाजलं. दहावीचा गुरुवार. कागदावर विषय दहावीपर्यंत आहे, पण गेली दोन वर्षं दहावीची पोरं गुरुवारी वर्गातच बसतात, जादा तास, सराव पेपर. काही पालकांचंच म्हणणं आहे की बोर्डाचं वर्ष आहे, पत्रे कापून मार्क मिळतात का. मी त्यांची काळजी समजू शकतो, तालुक्याला सायन्सला ॲडमिशन पाहिजे तर टक्के लागतात, क्लासची फी सगळ्यांना झेपत नाही. तरी मी उभा राहून बोललो, आवाज जरा चढलाच. आयबीटीचेपण मार्क आहेत, प्रॅक्टिकल आहे, तो काही खेळाचा तास नाही. आणि दोन वर्षं जे पोरगं गुरुवारी सगळ्यात आधी शाळेत येतं त्याचा तोच दिवस दहावीत काढून घेतला की ते मग गुरुवारीच काय, बुधवारीपण येत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एक मुलगा असाच जानेवारीपासून यायचा बंद झाला होता. शेवटी ठरलं ते असं, दिवाळीपर्यंत दहावीचा गुरुवार पूर्ण, नंतर अर्धा दिवस, आणि जादा तास सकाळी शाळेच्या आधी. लांबच्या वाडीवरच्या मुलींना सकाळची एसटी नाही, त्यांचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही, डेपोला अर्ज द्यायचाय.

निदेशकांच्या मानधनाचापण प्रश्न आहेच. वेल्डिंग शिकवणारा दादा गुरुवारची स्वतःची कामं सोडून येतो आणि त्याचे पैसे कधी तीन-तीन महिने मिळत नाहीत. माजी विद्यार्थ्यांनी मिळून दर महिन्याला थोडे थोडे जमवायचे असं आम्ही ग्रुपवर ठरवलंय, आपल्या शाळेतले कुणी हे वाचत असाल तर मला मेसेज करा.

या गुरुवारसाठी मी सेकंड शिफ्ट मागून घेतलीये. सकाळी नववीला मोटारीचा स्टार्टर उघडून दाखवायचाय, सिंगल फेजिंग झालं, म्हणजे तीनपैकी एक फेज गेला, की मोटार का जळते आणि ओव्हरलोड रिले काय करतो ते. घरचा जुना जळका स्टार्टर शोधून ठेवलाय, आणि पोरीनं बजावलंय की बाबा फळ्यावर जास्त लिहू नका, आमच्या हातात द्या.