प्लेगचे जाहीरनामे बघायला काळाघोड्याला (आणि तुम्ही जाणार असाल तर)

प्लेगच्या साली पणजोबांनी गिरगावातली खोली सोडून बोटीने कोकण गाठलं, ही गोष्ट आजीने शंभरदा सांगितलेली. म्युन्शिपाल्टीवाले चाळीच्या भिंतीला कागद चिकटवून जायचे असंही म्हणायची, पण त्या कागदावर असायचं काय ते घरात कोणालाच ठाऊक नाही. शेवटी म्हटलं आपणच जाऊन बघू.

पुण्याहून डेक्कन क्वीन, सव्वासातची, साडेदहाच्या आसपास सीएसएमटी. तिथून चालत काळाघोडा. पुराभिलेख संचालनालय (म्हणजे जुने सरकारी कागद जपून ठेवणारं खातं) एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत आहे, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर, डेव्हिड ससून लायब्ररीच्या शेजारी. आता मेट्रोचं हुतात्मा चौक स्टेशनही झालंय. शनिवार-रविवार सरकारी सुट्टी, त्यामुळे वीकेंडला जोडून प्लॅन करू नका, आणि निघायच्या आधी फोन कराच. मी पहिल्या खेपेला नुसतं आधार कार्ड घेऊन गेले आणि हात हलवत परत आले, चूक माझीच. कॉलेजचं किंवा एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र, ओळखपत्र आणि आपल्याला नक्की काय बघायचंय याच्या दोन ओळी, एवढं बरोबर ठेवा. पेन बॅगेत, हातात पेन्सिल.

आता मुख्य मुद्दा, तिथे जाऊन "जुनी सर्क्युलर्स दाखवा" म्हणू नका. अशी वेगळी फाईल मला तरी मिळाली नाही. तेव्हाच्या मुंबई सरकारचं जनरल डिपार्टमेंट, त्यात प्लेग, त्यात साल, असं सूचीतून उतरत जायचं आणि १८९७ पासूनचे बांधीव खंड मागवायचे. छापील कागद त्या खंडांत पत्रव्यवहाराच्या मधेमधे शिवलेले असतात. अर्ध्या पानाचं सर्क्युलर आणि त्याच्या मागे-पुढे वीसतीस पानं हस्ताक्षरातली, मसुदे, खाडाखोड, समासातले शेरे. पहिले दोन तास मी ती पानं भराभर उलटून फक्त छापील शोधत बसले आणि तो वेळ फुकट गेला, कारण छापील कागद नुसता हुकूम सांगतो, तो का काढला आणि कोणी तक्रार केल्यावर बदलला ते सगळं त्या खाडाखोडीत.

घरून थोडं वाचून गेलात तर फार सोपं जातं. डॉ. व्हिएगस यांनी मुंबईतल्या मांडवीत प्लेग ओळखला तो सप्टेंबर १८९६ मधे. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांची नोटीस ६ ऑक्टोबरची, पेशंटला सक्तीने हॉस्पिटलात हलवायचे आणि घर धुऊन काढायचे अधिकार देणारी. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला आणि लगेच ती सक्ती ढिली झाली. मग ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा (कोविडमधे आपल्यावर लावलेला तोच!), मार्चमधे लष्करी अधिकारी गॅटेकर यांची प्लेग कमिटी, घरोघर झडत्या, आणि दुसरीकडे जातीजातींनी आपापली हॉस्पिटलं काढायला परवानगी. हा क्रम डोक्यात असला की कागदाची तारीख बघूनच कळतं सरकार दटावतंय की समजूत काढतंय. स्नो आणि गॅटेकर दोघांचेही रिपोर्ट नेटवर स्कॅन करून ठेवलेले आहेत, फुकट आहेत, ते घरीच वाचा, तिथला वेळ त्यात घालवू नका.

मराठी येतं म्हणून फार खूश होऊ नका. छापील मराठी बालबोधच असतं, अनुस्वारांची खैरात सोडली तर वाचता येतं. पण लोकांचे अर्ज मोडीत आले की मी ठार आंधळी. मोडी वाचणारं कोणी ओळखीत असेल तर बरोबर न्याच. आणि शब्दही बदललेत, मराठीत 'ग्रंथिक सन्निपात' म्हणायचे, इंग्रजी कागदांत सुरुवातीला 'ब्युबॉनिक फीवर', त्यामुळे नुसतं प्लेग प्लेग शोधलंत तर सुरुवातीचं बरंच हुकेल.

कागद इतका कुरकुरीत झालाय की घडी उलगडताना छाती धडधडते. कोपरा धरून ओढू नका, तळहाताने आधार द्या, जमत नसेल तर तिथल्या माणसांना सांगा. मास्क लावा, धूळ भयंकर असते. प्लेगचे कागद मास्क लावून वाचताना मला उगाच हसू येत होतं. फोटोचं आधी विचारा, लेखी परवानगी लागली तर द्या, गुपचूप मोबाईल काढू नका.

आजीचा कागद मिळाला का? नाही. भिंतीवरचे कागद भिंतीवरच गेले असणार. पण राहायला नालायक घरांवर यूएचएच (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) अशी इंग्रजी अक्षरं रंगवायचे हे कळलं, आणि आजी 'भिंतीवर इंग्रजी काढून जायचे' म्हणायची त्याचा अर्थ इतक्या वर्षांनी लागला.

परतीची डेक्कन क्वीन ५.१० ची आहे. चारला उठलात तर मेट्रो सिनेमासमोर व्हिएगस यांचा पुतळा बघून सीएसएमटीला आरामात पोचता, मी साडेचारला उठले आणि धावत गाडी पकडली.