काडेपेटी घेऊन पुण्यात: कॅफेसाठी जागा शोधताना चार दिवस

सांगलीहून निघताना बहीण म्हणाली, "दादा, तिचं मन मोडू नकोस, पण पैसे बुडू देऊ नकोस." ही दोन्ही कामं एकदम कशी करायची, हे तिनं सांगितलं नाही. भाचीनं बंगळुरात दोन वर्षं कॉफी केली आहे आणि आता तिला पुण्यात स्वतःचा कॅफे काढायचा आहे. मी सांगलीत बावीस वर्षं मिसळीचं हॉटेल चालवलं. तिला कॉफीतलं कळतं, मला गल्ल्यातलं. तिच्या फोनमध्ये सहा नावं होती: एफसी (फर्ग्युसन कॉलेज) रोड, कोरेगाव पार्क, विमाननगर, प्रभात रोड, बाणेर आणि कोथरूड. सातवं, शास्त्री रोड, मी घुसडलं. खिशात एक भरलेली काडेपेटी घेतली. दहा माणसं समोरून गेली की एक काडी उजव्या खिशातून डाव्या खिशात. भाचीकडे मोजायचं ॲप होतं, पण दुसऱ्या दिवशी फोनची बॅटरी गेली तेव्हा तीही काड्यांवर आली.

शुक्रवारी रात्री स्वारगेटला उतरलो. तिथूनच मेट्रो मिळते. शिवाजीनगर कोर्टाच्या स्थानकात गाडी बदलून वनाजकडे गेलो, कारण मुक्काम कोथरूडला चुलत भावाकडे होता. जागा बघायला जाणाऱ्यांनी रिक्षापेक्षा मेट्रो आणि पाय वापरावेत. रिक्षातून सगळे रस्ते धंदा चालणारेच दिसतात.

पहिली चूक आम्ही शनिवारीच केली. संध्याकाळी पाचला एफसी रोडवर उभे राहिलो आणि काडेपेटी अर्ध्या तासात रिकामी झाली. भाचीचे डोळे चमकले. मी तिला म्हटलं, आता यातल्या किती जणांच्या हातात कप आहे ते बघ. फूटपाथ रुंद, पोरं-पोरी गटागटानं, पण बहुतेकांच्या हातात कपड्यांच्या पिशव्या. ज्यांना बसायचं होतं ते वैशाली हॉटेलच्या दारात नाव लिहून थांबले होते, नाहीतर डेक्कनच्या कोपऱ्यावर कॅफे गुडलकमध्ये बनमस्का खात होते. गुडलक 1935 पासून आहे. नव्वद वर्षांच्या सवयीशी आपल्याला भांडायचं नाही. वर कॉलेजांचं वेळापत्रक. परीक्षा संपली की मे महिन्यात हाच रस्ता निम्मा होतो, भाडं मात्र होत नाही.

भाड्याचा हिशोब तिथेच कठड्यावर बसून वहीत मांडला. तो इथे देतो, कारण पुढे प्रत्येक जागेला आम्ही हीच फूटपट्टी लावली. समजा गाळ्याचं भाडं 60 हजार. मालक जीएसटीत असेल तर त्यावर 18 टक्के, म्हणजे 70,800. मालक जीएसटीत नसेल आणि तुम्ही असाल, तर हाच कर तुम्हाला उलट्या पद्धतीनं स्वतः भरावा लागतो. कॅफेच्या बिलावर 5 टक्के लागतात आणि त्यात भाड्यावरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणजे ते 10,800 रुपये तुमच्या खिशातूनच गेले. आमच्या धंद्यात भाडं विक्रीच्या पंधरा टक्क्यांवर गेलं की मालकासाठी राबतोय असं समजतात. 70,800 हे पंधरा टक्के धरले, तर महिन्याची विक्री 4 लाख 72 हजार हवी. दिवसाला साधारण 15,700. एका बिलाचे सरासरी 180 रुपये धरले तर रोज 87 बिलं. पावसाळ्यातसुद्धा, मंगळवारीसुद्धा.

भाची बराच वेळ त्या 87 कडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, आपण मंगळवारी परत येऊ." मला बरं वाटलं.

येताना शास्त्री रोडला वळलो. सदाशिव पेठ, नवी पेठ हा भाग स्पर्धा परीक्षेच्या पोरांचा. अभ्यासिका, खानावळी, झेरॉक्स, पुस्तकांची दुकानं. बाकी कुठेही दुपारी तीनला शुकशुकाट असतो, इथे अमृततुल्याच्या दारात तेव्हाही दहा जण चहा घेऊन चालू घडामोडींवर भांडत असतात. मला जागा फार आवडली, माझ्या हॉटेलसारखीच वाटली. भाचीनं एका वाक्यात निकाल लावला: "मामा, माझी दीडशेची कॉफी पिणारा मुलगा महिन्याच्या शेवटी मेसचे पैसे कुठून देईल?" खरं होतं. तिथे चहाची टपरी चालेल, तिच्या मशीनचा हप्ता निघणार नाही. पेठेत जागा बघणाऱ्यांना आणखी एक सांगतो. गाळा टिळक, केळकर, कुमठेकर किंवा लक्ष्मी रस्त्याजवळ असेल तर अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. वडापाववाल्यांची त्या दिवशी दिवाळी असते, पण कॅपुचिनोवाल्याला दूध आणणारी गाडीच आत शिरत नाही.

रविवारी पूर्व पुणे. मेट्रोनं रामवाडीला उतरलो, तिथून विमाननगर, मग उलटं कोरेगाव पार्क. दोन्ही ठिकाणी कॅफे इतके, की एका दारातून बाहेर पडावं तर दुसऱ्यात पाय. विमाननगरला सिम्बायोसिसची मुलं, आयटीवाले, विमानाची वाट बघणारे. गिऱ्हाईक आहे आणि पैसाही आहे, पण सजावटीवर आमच्या सगळ्या भांडवलाएवढा खर्च केलेली दुकानं शेजारी. कोरेगाव पार्कच्या गल्ल्यांतले वड बघून भाची हरखली. मला मात्र काचेवर ‘भाड्याने देणे आहे’ लिहिलेले तीन गाळे दिसले आणि तिन्हींच्या आत कॉफी काउंटरचे सांगाडे होते. अशा जागी शेजारच्या पानवाल्याला विचारावं, आधीचे किती महिने टिकले. एजंट हे सांगत नाही, पानवाला सांगतो. पूर्वेचं इतकंच.

सोमवारी सकाळी प्रभात रोड. इथे मला आमचा शोध संपला असं वाटलं होतं. मोठी झाडं, नंबर घातलेल्या गल्ल्या, जवळच लॉ कॉलेज रोड आणि फिल्म इन्स्टिट्यूट. सकाळी फिरून परतणारे आजी-आजोबा नऊपर्यंत, मग दवाखान्यांत आणि वकिलांकडे येणारे. गाळा जुन्या तीन मजली इमारतीच्या खाली, तीनशे फूट, भाडंही पेलेल असं. एजंट म्हणाला, "पुढे अंगणात चार टेबलं टाका, जागा दुप्पट." मी मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायची महापालिकेची परवानगी, मागितलं, तर साहेबांना फोन आला आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत बोलत गेले. अंगण म्हणजे फ्रंट मार्जिन, इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा. तिथे टेबलं मांडली की महापालिकेची गाडी आज ना उद्या येते, आणि तुम्ही भाडं मात्र त्या टेबलांच्या हिशोबानं ठरवलेलं असतं. कुठेही जागा बघा, आधी नकाशात तो गाळा दुकान म्हणून दाखवला आहे की पार्किंग म्हणून, हे बघा. पार्किंगला शटर लावून केलेले गाळे पुण्यात पुष्कळ आहेत.

एजंट परत यायच्या आत पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, "तळण करणार का?"

वर एक आजोबा वर्तमानपत्राची घडी घालत उभे होते. भाची म्हणाली, "नाही आजोबा, फक्त कॉफी आणि केक."

"वास?"

"कॉफीचा येईल."

"तो चालेल. गाणी?"

"हळू आवाजात."

"रात्री नऊला बंद?"

"साडेनऊ?"

आजोबांनी जरा विचार केला. "साडेनऊ चालेल. पण पोरी, ही इमारत पाडायला चाललोय आम्ही. बिल्डर ठरलाय, दीड-दोन वर्षांत रिकामी करायची आहे. तुला सांगितलं नाही त्यानं?"

सांगितलं नव्हतं. तीन वर्षांच्या लॉक-इनचा करार मात्र त्याच्या बॅगेत तयार होता. लॉक-इन म्हणजे मधे सोडलं तरी भाडं भरायचं. इमारतच गेली तर काय, यावर करारात एक ओळ नव्हती. फर्निचर, प्लंबिंग, मशीनचा ओटा, सगळं अठरा महिन्यांत भंगारात. डेक्कन, एरंडवणे, कोथरूड या जुन्या भागांत पुनर्विकास जोरात आहे, तेव्हा गाळा पसंत पडला की मालकाकडे जायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जा. आम्हाला आजोबा फुकटात भेटले. भाचीनं त्यांना विचारलं, नवीन इमारतीत खाली दुकानं असणार का. ते म्हणाले, "असणार, पण तेव्हा भाडं तुला परवडणार नाही."

दुपारी बाणेर-बालेवाडी. तिथलं भाडं किंवा गर्दी यावर लिहीत बसत नाही, आम्हाला अडवलं पाण्यानं. भाचीच्या पर्समध्ये पेनासारखं टीडीएस मीटर असतं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. तिनं चहाच्या दुकानात पाणी मागून त्यात ते बुडवलं. कोथरूडला भावाच्या नळाला आकडा शंभराच्या आत होता, इथे सातशेच्या वर. नळ महापालिकेचा असला तरी टाकीत बोअर आणि टँकरचं पाणी मिसळलेलं. अशा पाण्यानं एस्प्रेसो मशीनच्या बॉयलरमध्ये चुना साचतो आणि कॉफीची चवही जाते. फिल्टर लावता येतो, पण त्याचाही खर्च भाड्यात मिळवूनच बघावा लागतो. महापालिकेचं पाणी असलेल्या भागातही दुरुस्तीसाठी बरेचदा गुरुवारी पुरवठा बंद ठेवतात. गाळ्याला स्वतःची टाकी आहे का, हे विचारून घ्या. विजेचंही तेच. दोन ग्रुपचं, म्हणजे एका वेळी दोन जागी कॉफी काढणारं, मशीन एकटं तीन-चार किलोवॅट ओढतं. त्यात ओव्हन, फ्रीज, एसी. मीटर व्यावसायिक आहे का आणि थ्री-फेज आहे का, ते मीटरच्या खोलीत जाऊन डोळ्यांनी बघा.

मंगळवारी दुपारी ठरल्याप्रमाणे एफसी रोडवर गेलो. तीन ते साडेतीन, काड्या सोळा. शनिवारच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. गर्दी इतकी बदलत असेल तर 87 बिलांची जबाबदारी शनिवार-रविवारवर पडते. भाचीनं ते पान मुडपलं.

मग कोथरूड, जिथे आम्ही रोज झोपत होतो आणि म्हणूनच बघितलं नव्हतं. कर्वे रोडवर एक गाळा मेट्रोच्या जिन्यामागे इतका झाकलेला, की पाटी लावूनही दिसली नसती. वर गाडीला रोज हजारो माणसं, पण जिना उतरून ती दुसऱ्याच बाजूला जात होती. एजंट ‘मेट्रोपासून एक मिनिट’ म्हणतात, ते खोटं नसतं. पण तो एक मिनिट कोणत्या बाजूला, हे उभं राहून बघावं लागतं.

मयूर कॉलनीच्या आतल्या एका गल्लीतला गाळा शेवटचा. पावणेपाच वाजले होते. काड्या फार हलत नव्हत्या, अर्ध्या तासात जेमतेम पाच. मी वही मिटायला निघालो तेव्हा भाची म्हणाली, "मामा, चालणारे मोजू नका. थांबलेले मोजा." समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गाण्याचा क्लास, शेजारी गणिताचा, खाली फिजिओथेरपीचा दवाखाना. आणि रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसलेल्या अकरा आया. एकीनं डिकीवर भाजी निवडायला घेतली होती. दुसरी फोनवर ऑफिसची मीटिंग करत होती, कानात वायर, एका हातानं पदर डोक्यावर, ऊन लागतं म्हणून. क्लास तासाभराचा. तो सुटला की दुसरी बॅच, दुसऱ्या आया. भाची त्यांच्यातल्या एकीशी जाऊन बोलली. त्या बाई म्हणाल्या, आठवड्यातून चार दिवस येते, घरी जाऊन परत यायला वेळच उरत नाही, इथे साधं टेकायला काही नाही.

चार दिवसांत पहिल्यांदा मला त्या 87 मधली पंधरा-वीस माणसं डोळ्यांनी दिसली. सकाळचं गिऱ्हाईक वेगळं शोधावं लागेल, शनिवारी रात्री इथे चिटपाखरू नसेल, आणि कॉफी दीडशेची नाही तर शंभराच्या आत ठेवावी लागेल. भाडं एफसी रोडच्या निम्म्याहून कमी, म्हणजे बिलंही कमी लागतील, पण कॉफी स्वस्त म्हणून तितकी कमी नाहीत. दोष एकच, शटर पश्चिमेला. साडेतीन ते सहा ऊन थेट काउंटरवर. ताडपत्रीची छपरी टाकता येईल, पण सोसायटीच्या लेखी परवानगीनं.

इथल्या मालकीणबाईंनी चहा दिला आणि कागदपत्रंही लगेच दाखवली. करार लीव्ह अँड लायसन्सचा, तीन वर्षांचा. महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि मुद्रांक शुल्क फार नाही: एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. खर्च वाचवायला साध्या कागदावर करू नका. फूड लायसन्स त्या पत्त्यावरच मिळतं, जागा बदलली की पुन्हा सगळं. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टला ऑनलाइन सूचना पुरते. फर्निचर होईपर्यंतचे दिवस भाडेमाफ मागा, लाजू नका. आम्ही दोन महिने मागितले, त्या एकावर आल्या.

सही केलेली नाही. गल्लीच्या उताराकडे बघून मला शंका आली आहे, पाणी शटरच्या उंबऱ्यापर्यंत येत असणार. मालकीणबाई म्हणतात, कधीच येत नाही. बाजूच्या इस्त्रीवाल्यानं मात्र आपलं टेबल दोन विटांवर ठेवलेलं आहे. जुलैत पहिला जोराचा पाऊस लागला की आम्ही दोघं परत जाणार आहोत, मधल्याच एखाद्या वारी, साडेचारच्या बॅचला.