केस पेपरवर 'चेस्ट पेन' लिहिलं होतं

पावसाळ्यातला सोमवार म्हणजे आमच्या कॅज्युल्टीला नुसती झुंबड, घसरून पडलेले काय, तापाने फणफणलेले काय. त्यात ऐन ऑफिस टायमाला दोन पोरं पस्तिशीतल्या एका माणसाला दादर स्टेशनवरून टॅक्सीत घालून घेऊन आली. शर्ट घामाने चिंब, ओठ कोरडे पडलेले आणि एकच घोषा, सिस्टर मला अटॅक आलाय, माझे वडील असेच गेले.

छातीत दुखतंय म्हटलं की आमच्याकडे आधी इसीजी, बाकी गप्पा नंतर. (आणि तसंच पाहिजे, तिशी-पस्तिशीतले खरे हार्ट अटॅकही येतात, न तपासता 'टेन्शन घेतलंय' म्हणणाऱ्यांचा मला जाम राग येतो.) इसीजी चांगला, ऑक्सिजन 99, शुगर ठीक, नाडी तेवढी 130. ट्रोपोनिनला (हार्टला इजा झालीय का ते सांगणारी तपासणी) रक्त पाठवलं आणि हा ओरडला, हात गेला माझा! बघते तर दोन्ही मनगटं आत वळलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली, उघडता उघडेनात. सोबतच्या पोराला वाटलं लकवा. लकवा कसला, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग ओठाभोवती मुंग्या येतात, हात असे आखडतात.

पूर्वी अशा वेळी तोंडाला कागदी पिशवी लावायचे, आता नाही लावत, पेशंट दम्याचा किंवा हार्टचा निघाला तर भलतंच व्हायचं. मी स्टूल ओढून बसले, म्हटलं दादा श्वास घ्यायचं सोडा, आधी बाहेर टाका, गरम चहावर फुंकर घालतो ना तसा हळू. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. आधी चिडलाच माझ्यावर, मी मरतोय आणि तुम्ही आकडे काय मोजताय. मग मोजायला लागला. हळूहळू एकेक बोट सुटत गेलं.

तेवढ्यात त्याच्या दोस्ताने मला बाजूला घेतलं. सिस्टर, याच्या बॅगेत कोल्ड्रिंकच्या बाटलीत आहे थोडी, दोन घोट दिले की लगेच नॉर्मल होतो, गाडीत चढायच्या आधी रोज घेतो. आज काय तर घरी भांडण झालं म्हणून न घेताच निघाला होता, आदल्या रात्रीची मात्र भरपूर झालेली.

ट्रोपोनिन निगेटिव्ह आला, मग सायकियाट्रीच्या मॅडमना कॉल दिला. त्या आल्या आणि सरळ त्या बाटलीवरच बोलल्या. म्हणाल्या, हा हार्टचा नाही, पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका, साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग आपला आपण उतरतो, तुमचा घोट चढेपर्यंत तो उतरायलाच लागलेला असतो आणि श्रेय मिळतं बाटलीला. वर रात्रीची दारू उतरताना मेंदू उलटा जास्त चेततो, म्हणजे सकाळची धडधड तुम्ही रात्रीच बुक करून ठेवता. हे ऐकून तो इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं परत सुरू होतंय.

मग म्हणाला, आजपासून बंद. मॅडम म्हणाल्या, अजिबात नाही! रोज पिणाऱ्याने एकदम तोडली तर फिट येऊ शकते, आमच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवायची. वहिनीकडून अधूनमधून घ्यायचा ती झोपेची गोळीही काढून घेतली, दारूवर तसली गोळी म्हणजे श्वास बंद पडायची भीती. पॅनिकचं औषध वेगळं, त्याची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन-चार आठवडे जातात. मधल्या काळात रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर 14416, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत.

ओपीडीला आला की कॅज्युल्टीत डोकावून जातो. लोकलमध्ये घाबरायला झालं तरी मधेच उतरायचं नाही, मोजत बसायचं असं ठरलंय. आधी रविवारी रिकाम्या गाडीने, आता रोज स्लो लोकलने, डोंबिवली ते दादर, वेळ जास्त लागतो म्हणून साहेब कटकट करतो. फास्टला ठाणं सुटलं की बराच वेळ उतरता येत नाही, तीच त्याची भीती, म्हणून ती शेवटी ठेवलीय. पुढच्या महिन्यात पकडणार म्हणतो.