आजींची फाइल आणि रॉन झॉमर

बॉनमध्ये आम्ही ज्या घरात भाड्याने राहतो, त्याच्या तळमजल्यावर घरमालकीण राहतात. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणते, तोंडावर मात्र रीतसर आडनावाने हाक मारते. इथे तीच पद्धत. गेल्या महिन्यात त्यांचे बँकेचे कागद लावायला मदत करत होते, तेव्हा एका राखाडी फाइलवर पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: टेलिकॉम, 1996.

बॉनमध्ये टेलिकॉमचं, म्हणजे जर्मनीच्या टेलिफोन कंपनीचं, नाव टाळता येतच नाही. राजधानी बर्लिनला गेली, पण टपाल खातं आणि टेलिफोन यांची मुख्यालयं इथेच राहिली. फ्रीडरिष-एबर्ट-आलेवरून ट्राम जाते, तेव्हा गडद गुलाबी रंगाचा तो ‘टी’ दिसतोच. शंभर शेअर आजींनी घेतले ते मात्र गुलाबी रंगाकडे बघून नाही. टेलिफोन म्हणजे सरकार, आणि सरकार बुडत नाही, एवढाच त्यांचा हिशोब होता. आपल्याकडे माझ्या वडिलांच्या पिढीने पोस्टात पैसे ठेवले, ते याच भरवशावर.

त्या वेळी कंपनीच्या प्रमुखपदी होते रॉन झॉमर. 1949 साली हैफात जन्म, लहानपण व्हिएन्नात. तिथेच गणित शिकले आणि 1971 साली डॉक्टरेट मिळवली. मग निक्सडॉर्फ ही संगणक कंपनी, त्यानंतर सोनी: आधी जर्मनी, मग अमेरिका, मग युरोप. मे 1995 मध्ये ते टेलिकॉममध्ये आले, तेव्हा टेलिफोन खात्याची कंपनी होऊन जेमतेम चार महिने झाले होते. दोन लाखांहून जास्त कर्मचारी, त्यांतले निम्म्याच्या आसपास सरकारी नोकरीच्या संरक्षणातले. वर 1 जानेवारी 1998 पासून बाजार सगळ्यांना खुला होणार, ही तारीख ठरलेली. टीव्ही आणि वॉकमन विकणारा माणूस खात्याच्या खुर्चीत बसला, हे तेव्हा अनेकांना रुचलं नव्हतं. मला मात्र वाटतं, गिऱ्हाईक म्हणजे काय हे त्या इमारतीला सांगायला बाहेरचाच माणूस हवा होता.

18 नोव्हेंबर 1996. शेअरचा विक्रीभाव 28.50 मार्क (युरोच्या आधीचं जर्मन चलन), बाजारात पहिला भाव 33.20. बचत खात्याबाहेर पैसे न ठेवणारी जर्मन माणसं रांगा लावून शेअर घेत होती. मानफ्रेड क्रुग हा घराघरांत लाडका असलेला नट जाहिरातीत यायचा. ‘त्याच्यावर विश्वास होता हो आमचा,’ आजी म्हणाल्या. 1999 च्या सप्टेंबरअखेरपर्यंत शेअर न विकणाऱ्यांना दहामागे एक फुकट मिळाला. आजींचे झाले एकशे दहा.

6 मार्च 2000 ला भाव 103.50 युरोवर गेला. फाइलमध्ये त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्राचं कात्रण आहे, कडेला पेनने गुणाकार मांडलेला: 11,385. मूळ गुंतवणूक साधारण 1,457 युरोंची. ‘विकले का नाहीत?’ मी विचारलं. ‘लोकांचा शेअर होता तो. लोकांचा शेअर कोण विकतं?’ हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढलाच.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेल. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. तिसऱ्या पिढीच्या मोबाइल लहरींच्या लिलावात कंपनीने अब्जावधी युरो ओतले. व्हॉइसस्ट्रीम ही अमेरिकी मोबाइल कंपनी घ्यायचं ठरलं, जाहीर झाला तेव्हा तो सौदा सुमारे 50 अब्ज डॉलरचा होता. कर्ज 60 अब्ज युरोंच्या पलीकडे गेलं, शेअर दहा युरोंच्याही खाली आला. 16 जुलै 2002 ला झॉमर पायउतार झाले. निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि सर्वांत मोठा भागधारक अजूनही सरकारच होतं.

मला इथेच थांबावंसं वाटतं. जून 2000 मध्ये 66.50 युरोने शेअरांचा जो तिसरा हप्ता लोकांना विकला गेला, तो सरकारी बँकेकडचा होता. पैसे सरकारकडे गेले, कंपनीकडे नाहीत. आणि शिव्या खाल्ल्या त्या झॉमर यांनी. त्यांची चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. महागात घेतलं, आणि भाव चढतच राहील असं लोकांना वाटू दिलं. पण विकणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, याचा मला राग येतो. नुकसानभरपाईसाठी हजारो लोक फ्रँकफर्टच्या कोर्टात गेले. इतके, की त्यांचे दावे एकत्र चालावेत म्हणून 2005 मध्ये खास कायदा करावा लागला. क्रुगने 2007 मध्ये लोकांची जाहीर माफी मागितली.

ती महागडी व्हॉइसस्ट्रीम म्हणजेच आजची टी-मोबाइल यूएस. टेलिकॉमची आजची ताकद बरीचशी तिच्यातूनच येते. झॉमर यांना हटवल्यानंतर ती विकून टाकायचे बेतही झाले, 2011 मध्ये एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीशी सौदा ठरला, तोही अमेरिकी सरकारने अडवल्याने फिसकटला.

आजींनी विचारलं, पुढे तो गृहस्थ गेला कुठे? मी सांगितलं, रशियन कंपन्यांत. आणि 2006 पासून काही वर्षं आमच्या मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सीच्या संचालक मंडळावरही. त्यांना ते पटेना. ‘मुंबईत? म्हणजे तुमच्याकडे?’ मग कितीतरी वेळ त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

शेअर अजून त्यांच्याकडेच आहेत. 2025 च्या वसंतात शेअरमागे 90 सेंट लाभांश आला, एकशे दहाचे झाले 99 युरो. ते खात्यात जमा झाले की त्या बाल्कनीसाठी जिरेनियमची रोपं आणतात, दरवर्षी, लाल रंगाची. यंदा कुंड्या वर चढवायला मी होते.