एकेचाळीस-एकेचाळीस

मोजणी संपायच्या आतच खाली गेटपाशी ताशा वाजायला लागला, तेव्हाच कळलं की आज घरी जेवायला उशीर होणार.

ठाण्यातली 88 सभासदांची गृहनिर्माण संस्था. अडीचशेपर्यंत सभासद असतील तर संस्थेला आपली निवडणूक आपणच घेता येते, पण इथल्या दोन गटांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मला बोलावलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी ही कामं करतो. रोकड असो वा मतं, ताळा जुळल्याशिवाय जागेवरून उठायचं नसतं.

समिती अकरा जणांची. महिलांच्या दोन्ही जागा बिनविरोध झाल्या होत्या. उरलेल्या तीन राखीव जागांसाठी अर्जच आले नव्हते. बऱ्याच सोसायट्यांत हेच होतं. मतदान फक्त सर्वसाधारण सहा जागांसाठी, उमेदवार दहा.

यादीवर सह्या 79, पेटीत मतपत्रिका 79. इथवर सगळं ठीक. नावं पुकारून तक्त्यावर रेघा ओढून झाल्या, तेव्हा सहाव्या जागेसाठी 42 आणि 41 असा आकडा दिसत होता. मी गठ्ठे पुन्हा चाळायला घेतले आणि एका मतपत्रिकेवर तळाशी सातवा शिक्का सापडला, शाई संपत आल्यावर उमटतो तसा पुसट. सहा जागांसाठी सात शिक्के म्हणजे अख्खी मतपत्रिका बाद, कारण त्यातले सहा कुठले धरायचे हे मी ठरवू शकत नाही. बेचाळीसवाल्याचं एक मत त्यात गेलं. एकेचाळीसवाल्याचं त्यात नव्हतंच.

तोवर बेचाळीसवाल्याच्या प्रतिनिधीने तक्त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला होता. मोबाइल आधी जमा करून घ्यायला हवे होते. चूक माझीच.

उमेदवार वर आला तो गळ्यात हार, कपाळावर गुलाल आणि हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन. "साहेब, तोंड गोड करा."

"निकाल अजून लागलेला नाही," मी म्हणालो. "मी वाचून सही करेन, तो निकाल."

बाद मतपत्रिका दोन्ही प्रतिनिधींना दाखवली, मागे कारण लिहिलं, त्यांच्या सह्या घेतल्या. दोघांची मतं पुन्हा मोजली. 41-41. समान मतं पडली की चिठ्ठी. 2017 मध्ये मुंबई महापालिकेतल्या गिरगावच्या एका प्रभागाचा निकालही असाच लागला होता. ते सांगितल्यावर आरडाओरडा जरा कमी झाला. सारख्या मापाचे दोन कागद, सारख्या घड्या, कुणाच्या तरी घरून आणलेला स्टीलचा डबा. लहान मुलाच्या हातून काढा, अशी एक सूचना आली. चिठ्ठी मीच काढली. नाव दुसऱ्याचं निघालं. हारवाल्याने हार काढला नाही, नुसता खुर्चीत बसून राहिला.

आता वाचन. एवढ्यात सत्तरीचे एक उमेदवार माझ्या कानाशी आले. "निवडून आले तेवढेच वाचा ना. माझा आकडा कशाला? सूनबाई बसलीय समोर."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण नुसती विजयी नावं वाचून मोकळं होणं मला पटत नाही. ज्याला निकाल मान्य नाही, त्याला सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जायला निकालापासून दोनच महिने मिळतात, आणि तिथे आकड्यांशिवाय तो बोलणार काय? शिवाय दहापैकी एकाचा आकडा गाळला, की उरलेल्या नऊ आकड्यांवरही संशय येतो.

"काका, सगळ्यांचे वाचावे लागतात," एवढंच म्हणालो.

मग उभा राहून वाचलं: एकूण मतपत्रिका 79, बाद 1, बाद होण्याचं कारण, वैध 78. पुढे मतपत्रिकेवरच्या क्रमाने दहाही जणांची मतं, समान मतांची आणि चिठ्ठीची नोंद, आणि सगळ्यात शेवटी निवडून आलेल्यांची नावं. काकांचा आकडा आला तेव्हा आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. नऊ.

सही करून एक प्रत सूचना फलकावर लावली. मतपत्रिका पाकिटात घालून लाखेची मोहोर करत होतो, तेव्हा काका परत आले. एक प्रत त्यांनाही हवी होती. चष्मा लावून त्यांनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"नऊच?" ते म्हणाले. "शब्द तर सतरा जणांनी दिला होता."